शेरा : कुंचीसह

रेवानं तिसरा घास थुंकला, तोही नेमका माझ्या बाहीवर.

"ह्याच वाटीनं रणजित खायचा," आत्या ओट्यापाशी भाकरी थापता थापता म्हणाल्या. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. "आ केला की वाटी रिकामी. मागं वळून बघायला नगं."

मी बाही पुसली आणि चौथा घास पुढे केला. रेवा दहा महिन्यांची होती आणि तिचं वजन सहा किलो पाचशे होतं. अंगणवाडीच्या ताईंनी आदल्या आठवड्यात तिच्या कार्डावर टिंब काढलं तेव्हा ते हिरव्या पट्ट्यातून घसरून पिवळ्यात गेलं होतं. ते कार्ड मी घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. घरात कुणी विचारलं की मी सांगायचे, "ठीक आहे म्हणाल्या." बी.कॉम. झालेली बाई आकडा लपवायला लागली की समजावं, ती घाबरलेली आहे.

वाटी स्टीलची होती, जाड बुडाची. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर काही ना काही कोरलेलं आहे. कुणाच्या लग्नात आलं, कुणाच्या बारशाला, कुठल्या तारखेला. या वाटीवर ठिपक्याठिपक्यांची तीन ओळींची अक्षरं होती आणि दिवसातून तीनदा, गेले चार महिने, ती माझ्या डोळ्यांसमोर होती. 'न.पा. सुदृढ बालक स्पर्धा १९९२. प्रथम क्रमांक. चि. रणजित हिं. मगदूम, वखारीमागे.'

चि. रणजित, म्हणजे माझे यजमान, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. उंची सहा फुटांना एक बोट कमी, वजन चौपन्न किलो. टू-व्हीलरच्या वर्कशॉपात कामाला होते, आणि कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन जास्तीची भोकं होती. एवढा गुबगुबीत प्रथम क्रमांक नंतर कुठे गेला, हे मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाल्या होत्या, "वाढीला लागला आन् झडला." त्यांच्या बोलण्यात पुढचं वाक्य न बोलताच यायचं. तुझी पोर तर आधीच झडलीय.

पाचव्या घासाला शेजारच्या छबूमावशी दारात आल्या. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्या नेहमी आवाज आधी पाठवायच्या आणि मागून स्वतः यायच्या, पण त्या दिवशी गप्पच आल्या.

"आक्काताई," त्या आत्यांना म्हणाल्या, "यादी लागलीया."

"आलं का नाव?"

"आमचं आलं." छबूमावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमचं बी हाय. पर खालच्या रकान्यात."

आमची गल्ली जुन्या लाकडाच्या वखारीमागे, सरकारी जागेवर. एकतीस घरं. वखार चालू होती तेव्हा करवतीवर काम करणारी माणसं तिथं राहायला आली आणि वखार बंद पडली तरी माणसं राहिली. त्या वर्षी नगरपालिकेनं मोजणी केली. जे कोणी १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहतात त्यांच्या नावावर घराखालची जागा करून द्यायची, पट्टा द्यायचा, असं सरकारचं धोरण आलं होतं. पट्टा मिळाला की घर बांधायला अनुदान. न मिळालेलं घर पाडून जागा मोकळी करायची. नकाशा लागला होता, प्रत्येक घराला नंबर पडला होता. आमचा एकतीस, गल्लीच्या तोंडाचा.

तीस घरं पात्र होती. एकतीस नंबरापुढं लिहिलं होतं, 'हिंदुराव ज्ञानदेव मगदूम. विहित दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा नाही. अपात्र.' पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, मग सुनावणी.

मामा, म्हणजे माझे सासरे, बोर्डासमोर बराच वेळ उभे होते. "चौऱ्याऐंशी साली आलोय मी हितं," ते बोर्डालाच म्हणाले. "हे पत्रे मी घातल्यात."

पत्रे त्यांनी घातले होते, पण कागद एकही केला नव्हता. रेशनकार्ड गावाकडं. मतदार यादीत नाव गावाकडं. वीस किलोमीटरवर त्यांचं गाव, आणि ग्रामपंचायतीच्या प्रत्येक मतदानाला ते एस.टी.नं जाऊन यायचे, कारण त्यांचा चुलतभाऊ उभा असायचा.

"गावातनं नाव काढायचं म्हंजे जित्तेपणी आपलं आपण दहावं घालायचं," असं ते म्हणायचे. विजेचा मीटर २०१३ चा. त्याआधी छबूमावशींच्या घरातून वायर होती. घरपट्टी त्याच्याही नंतरची. रणजितचा जन्म आत्यांच्या माहेरी, त्यामुळे दाखलाही तिकडचा. बाकीची तीस घरं शहाणी होती असं नाही. त्यांना जायला गाव नव्हतं एवढंच.

आम्ही लोखंडी ट्रंक दोनदा उपसली. लग्नपत्रिका निघाल्या, एक जुना वखारीचा बिल्ला निघाला, त्यावर मालकाचं नाव होतं आणि मामांचं नव्हतं.

"भाड्यानं खोली बघून ठेवावी लागेल," रणजित रेवाला मांडीवर घेऊन हळूच म्हणाले.

"बघितलीय," मी म्हणाले. "लहान बाळ आहे म्हटल्यावर नको म्हणतात. रडतं म्हणे."

"आपली कुठं रडते?"

"नाहीच रडत. त्याचीच तर काळजी वाटते मला."

ते हसले. मला हसू आलं नाही. मी घराच्या चार भिंतींकडे पाहत होते आणि मनात यादी करत होते. पाळणा कुठल्या आढ्याला बांधायचा, दूध कुठून, अंगणवाडी कुठली, पिवळ्या पट्ट्यातलं टिंब घेऊन नव्या ठिकाणी कुणाला तोंड दाखवायचं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेवाला नाचणीचं सत्त्व भरवत होते. ती तोंड फिरवत होती, मी वाटी फिरवत होते. वाटी फिरली आणि पहिली दोन अक्षरं माझ्यासमोर आली.

न.पा.

मी चमचा खाली ठेवला. चार महिने मी ती ओळ वाचत होते, आणि प्रत्येक वेळी 'प्रथम क्रमांक' याच शब्दांवर थांबत होते.

"आत्या," मी म्हणाले, "ही वाटी नगरपालिकेनं दिली ना?"

"मग काय माझ्या बापानं?"

"आणि हे वखारीमागे कुणी कोरलं?"

"त्यांनीच. नाव लिवून घ्यायला बाई बसलीती टेबलाला." बोलता बोलता त्यांचा हात थांबला. "का गं?"

"ब्याण्णव साल. नगरपालिकेनं स्वतःच्या हातानं लिहिलंय की मगदुमांचा मुलगा वखारीमागे राहतो. आपण उद्या ही घेऊन जाऊ."

मला वाटलं होतं त्या मला जवळ घेतील. त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली, उरलेलं सत्त्व बशीत ओतलं, वाटी विसळली आणि पिठाच्या डब्यात, पिठाच्या आत, खोल खुपसली.

"ती वाटी घराभाईर जाणार न्हाई."

"अहो पण का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. भांडी घिऊन कोन कचेरीत जातं? हसतील."

"घर जातंय, आत्या. हसू देत की."

"अस्मिता, गप ऱ्हा."

त्यांनी मला नावानं हाक मारली की विषय संपायचा. एरवी मी 'पोरी' होते. संध्याकाळभर मी विचार करत राहिले. या बाईला वाटीचा एवढा अभिमान, आणि तरी गेल्या दिवाळीत पाहुणे आले तेव्हा वाटी फडताळात पालथी. छबूमावशींना साखर द्यायची तर दुसऱ्या वाटीतून. मला तेव्हा वाटलं होतं, बदलून जाईल म्हणून जपतात. आता वाटलं, नुसता हट्ट.

सकाळी त्या देवापाशी असताना मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. रेवाच्या पिशवीत दुपटी, पाण्याची बाटली, सत्त्वाचा डबा आणि वाटी. मी चोरी करतेय असं मला वाटलं नाही. बाळाला भरवायला वाटी लागणारच होती.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. टेबलामागे एक साहेब, चाळिशीचे, सर्दीनं बेजार, आणि शेजारी कुरणे नावाचे क्लार्क. आमच्या बाजूनं छबूमावशी आणि गल्लीतली पाच-सहा माणसं आली होती. त्यांचं काम झालेलं होतं, तरी आली होती.

मामांनी दोन्ही पंजे टेबलावर पसरले. डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे.

"ह्या हातांला इचारा, साहेब. ही करंगळी त्याच वखारीच्या करवतीत गेलीया."

"आजोबा, माझा विश्वास आहे," साहेब रुमालातून म्हणाले. "पण करंगळीवर तारीख नाही हो. काही कागद?"

"कागद गावाकडं हाईत."

"ते तर आणखी अडचणीचं." साहेबांनी कुरण्यांकडे पाहिलं. कुरण्यांनी मान हलवली.

मी रेवाला रणजितकडे दिलं आणि पिशवीतून वाटी काढली. वाटीला डब्यातलं पीठ चिकटलेलं होतं. ते मी पदरानं पुसलं.

"वहिनी, भांडं पुरावा म्हणून चालत नाही," कुरणे समजावणीच्या सुरात म्हणाले. "ग्राह्य कागदांची यादी आहे आमच्याकडे."

"वाटी नका धरू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पातळ वाटत होता. "पण वाटीवर नगरपालिका आहे, सर. इथून दिली असेल तर इथल्या वहीत असेल. तुम्ही तुमचीच वही बघा."

साहेबांनी वाटी घेतली, चष्मा वर केला, फिरवून फिरवून तिन्ही ओळी वाचल्या. मग विचारलं, "हे चिरंजीव रणजित कोण?"

रणजितनी हात वर केला. साहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि वरपर्यंत पाहायला त्यांना जरा वेळ लागला.

"सुदृढ बालक?"

"हो, सर."

"प्रथम?"

"हो, सर."

"मग पुढं काय झालं?"

सभागृह हसलं. कुरणेही हसले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की जमेल. आणि तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला.

"साहेब, ऱ्हाऊ द्या ती वाटी. ती वाटी खरी न्हाई."

मी वळून पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला होता आणि पदराच्या वरचे डोळे माझ्यावर होते. रागानं नव्हे. त्या भ्यायल्या होत्या.

"खरी नाही म्हणजे?" साहेबांनी वाटी खाली ठेवली. "आजी, तुम्ही काय बोलताय? नगरपालिकेनं दिली नाही?"

"दिली. पर..." आत्या तिथंच अडकल्या.

"बघा, सर," कुरणे कागद जुळवत म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? कुणीही कोरून आणेल."

आणि छबूमावशी उठल्या. त्यांच्या आधी आवाज उठला.

"खरी न्हाई? खरी न्हाई व्हय गं आक्काताई? मग माझ्या घरातला पेला काय आभाळातनं पडला?"

"बाई, तुम्ही कोण?" साहेब.

"मी छबू ढेरे. घर नंबर तीस. पात्र हाय मी." त्यांनी ते साहेबांना बजावूनच सांगितलं. "त्या साली माझ्या संज्याचा दुसरा नंबर आल्ता. हिच्या पोराचा पहिला. मला पेला दिला, हिला वाटी. संज्याला सगळी म्हणत हुती पहिला येणार, आन् हिनं घेतला. सव्वीस वर्षं झाली साहेब, भिंतीला भिंत लावून मी हिची वाटी बघतीया. आमच्या घरात भांडं पडलं तरी हिला ऐकू जातं, आन् ही म्हणती वाटी खरी न्हाई. मग काय मी सव्वीस वर्षं उगंच जळत बसले?"

साहेबांनी रुमाल खिशात घातला.

"भिंतीला भिंत," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं."

"मग? तवा तर मधी नुसतं तट्ट्याचं कूड हुतं."

"कुरणे," साहेब म्हणाले, "आरोग्य विभागाची जुनी दप्तरं कुठं असतात?"

"माडीवर, सर. पण ब्याण्णवचं म्हणजे..."

"जा बघून या. चहा होईपर्यंत आम्ही थांबतो."

चहा झाला, दुसरा झाला. रेवानं साहेबांच्या टेबलाखाली रांगत जाऊन त्यांच्या बुटाची नाडी सोडली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्या, असं का बोललात?" त्या म्हणाल्या, "वही सापडू ने म्हणून देवाला सांगतीया, आन् सापडावी म्हणून बी सांगतीया. तू जा." मला काहीच कळलं नाही.

तासाभरानं कुरणे आले ते डोक्यावर जळमटं घेऊन. काखेत लाल कापडात बांधलेलं लांबट रजिस्टर. टेबलावर आपटल्यावर धूळ उडाली आणि साहेबांना सलग सहा शिंका आल्या.

कुरणे मोठ्यानं वाचू लागले. "सुदृढ बालक स्पर्धा, जानेवारी एकोणीसशे ब्याण्णव. अनुक्रमांक एक. रणजित हिंदुराव मगदूम, वय अकरा महिने, राहणार वखारीमागील वस्ती. वजन नऊ किलो नऊशे ग्रॅम. क्रमांक प्रथम. अनुक्रमांक दोन. संजय बापू ढेरे, वय अकरा महिने, राहणार वखारीमागील वस्ती. वजन नऊ किलो सहाशे. क्रमांक द्वितीय."

"बघा," छबूमावशी म्हणाल्या.

"आणि एक नंबरापुढं शेरा आहे," कुरण्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "कुंचीसह."

"काय?"

"कुंचीसह, सर. म्हणजे बाळाचं वजन कुंची न काढता घेतलंय. बाकी कुणापुढं शेरा नाही. नर्सबाईंनी लिहून ठेवलेलं दिसतंय."

कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची टोपीवजा झूल. तिचं वजन ते कितीसं. साहेबांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या.

"आजी, कुंची का काढली नव्हती?"

आत्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "थंडी हुती, साहेब."

छबूमावशींची मान हळूहळू, अगदी हळूहळू, आत्यांच्या दिशेनं वळली.

साहेबांनी वहीच्या त्या पानावर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं पेन घेतलं. "वजनाची चौकशी माझ्याकडं नाही," ते म्हणाले. "माझ्याकडं पत्त्याची आहे. पालिकेच्याच दप्तरात कुटुंब ब्याण्णव सालापासून या जागी दिसतं. शेजाऱ्यांचा जबाब आहे. कुरणे, ढेरेबाईंचा जबाब त्या जसं बोलल्या तसाच घ्या, भिंतीसकट." मग मामांकडे पाहून, "आजोबा, पात्र करतोय. पण आता तरी ते रेशनकार्ड इकडं आणा."

मामांनी हात जोडले. हात जोडलेलेच राहिले. रणजितनी रेवाला वर उचललं, इतकं वर की तिचं डोकं पंख्याला लागेल म्हणून मी ओरडले. त्या दिवसातली माझी तेवढी एकच ओरड, आणि ती आनंदाची होती हे मला नंतर समजलं.

घरी येऊन चहाचं आधण ठेवलं, तोच छबूमावशी दारात. आवाज नाही, नुसत्या त्या.

"कुंचीत काय हुतं गं?"

आत्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि कोयंड्यातलं कुलूप काढून आणलं. आमच्या घराचं कुलूप तुम्ही पाहिलेलं नाही. लोखंडी, पंजाएवढं, मामांनी वखारीच्या लिलावातनं आणलेलं. ते एका हातानं लावायला मला लग्नानंतर सहा महिने लागले होते. आत्यांनी ते छबूमावशींच्या हातावर ठेवलं. हात खाली गेला.

"हे?"

"पाठीशी बांधलंतं. फडक्यात गुंडाळून, वरनं कुंची. नर्स म्हणाली काढ, मी म्हटलं पोराला सर्दी हाय. तिनं हात फिरवला पाठीवरनं. मला वाटलं, आता ओरडती. पर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् गपचिप लिवलं कायतरी. सव्वीस वर्षं मला ठावं नव्हतं काय लिवलं ते."

"आणि घर?" मी विचारलं. "घराला काय लावलं होतं?"

"काय लावणार? उघडं टाकून गेल्ते."

मामा खाटेवर उठून बसले. "मला म्हणालीस कुलूप गावलं न्हाई म्हणून."

"कशापायी केलंस पर?" छबूमावशींचा आवाज आता त्यांचा नव्हता. "एका वाटीपायी?"

आत्या खाली बसल्या. "रणजित लई किरकोळ हुता गं. तुझा संज्या बघितला की मी ह्याला झाकून घ्यायची. गावाकडनं सासूबाई आल्या की म्हणायच्या, गावात ठेव पोराला, हितं पत्र्यात त्याला वाळवून मारशील. तुझ्याच्यानं हुईना झालंय. त्या संक्रांतीला न्यायलाच येणार हुत्या." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हटलं नंबर आला की तोंड बंद हुईल. वाटी दावली. मुकाट्यानं गेल्या."

गॅसवर चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"म्हंजे," रणजित दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "मी पहिला नव्हतोच?"

"तू पहिला?" छबूमावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या पोटातून काहीतरी गुडगुडत वर आलं. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. कुलूप मांडीवर घेऊन, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. "अगं बया, सव्वीस वर्षं मी संज्याला म्हणतीया, मेल्या, त्या रणजितसारखं खा. त्यो खाऊन खाऊन नव्वद किलो झाला की गं!"

मग सगळेच हसलो. मामा हसता हसता खोकायला लागले. त्यांना पाणी दिलं.

"आधी वजन करू," छबूमावशी उठल्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आम्ही सगळी वरात गेलो. दुकानदारानं शेंगदाणे काढून पारडं रिकामं केलं आणि कुलूप ठेवलं. एक किलो पन्नास ग्रॅम.

मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि मोठ्यानं बोलले, "आठ किलो आठशे पन्नास."

"त्यात कुंची, झबलं, फडकं," छबूमावशी म्हणाल्या. "साडेआठ धर."

"आन् हिच्यावानीच थुंकायचा," आत्या म्हणाल्या. त्या रेवाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. "तिसऱ्या घासाला. भिताडावर डाग पडल्याले. मी उगंच सांगायची, पोरी. सांगून सांगून मलाच खरं वाटाया लागलंतं."

घरी आल्यावर मी कपाटातून साड्यांच्या खालचं कार्ड काढलं आणि आत्यांना दाखवलं. त्यांनी पिवळ्या पट्ट्यातल्या टिंबावर बोट ठेवलं, म्हणाल्या, "एवढंच?" आणि ते कार्ड देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवलं. उघड्यावर.

संध्याकाळी छबूमावशी पुन्हा आल्या. हातात पेला. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, वाटी उचलली, कमरेला खोचली.

"आण माझी वाटी," वाटी घेऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या दिवसापासून रेवा द्वितीय क्रमांकाच्या पेल्यातून पिऊ लागली. आता ती तिसरीत आहे आणि अजून तिला तोच पेला लागतो. त्यावर संजय ढेरेचं नाव आहे. मैत्रिणींनी विचारलं तर ती सांगते, "आमच्यात अदलाबदल झाली होती."

पट्ट्यांचं वाटप सव्वीस जानेवारीला झालं, झेंडावंदनानंतर, त्याच सभागृहात. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होता. आत्यांचं नाव कुठल्याही कागदावर यायची ती पहिलीच वेळ, म्हणून त्यांनी सकाळपासून कुणाशी धड बोलणं केलं नव्हतं. गारठा होता. रेवाला त्यांनीच तयार केलं. जुन्या इरकली लुगड्याची कुंची शिवली होती, ती घातली, नाड्या हनुवटीखाली बांधल्या आणि तिला स्वतःच्याच कडेवर घेतलं. मग त्या सगळ्यांच्या शेवटी घराबाहेर पडल्या.

सभागृहात मला उभं राहायला भिंतीपाशी जागा मिळाली. "हिंदुराव ज्ञानदेव मगदूम आणि आक्काताई हिंदुराव मगदूम," कुरण्यांनी पुकारलं. आत्यांनी रेवाला माझ्याकडे दिलं आणि दोघं पायऱ्या चढायला लागले. त्यांना बघता यावं म्हणून मी रेवाला खांद्यावर घेतलं, आणि माझा खांदा वाकला. जड लागली. आठवड्यापूर्वीसुद्धा एवढी नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रणजितना म्हटलं, "अहो, हिनं वजन धरलं."

"बघू," म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण मी दिली नाही. मी तिला छातीशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवला.

कुंचीच्या आत माझ्या बोटांना गार लोखंड लागलं.

मी वर पाहिलं. साहेब कागद पुढे करत होते, मामांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. आत्यांनीही एका कोपऱ्याला धरलं होतं, पण त्या कागदाकडे बघत नव्हत्या. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. अजिबात हसत नव्हत्या.

घर उघडं होतं. मी कुंचीची नाडी आणखी घट्ट केली आणि एका हातानं मांडीवर टाळी वाजवली.